वात नसलेला फटाका

घरात पान्यांचा नवा डबा आला, की घरधन्याला आपण निम्मे इंजिनिअर झाल्यासारखे वाटू लागते. यात वाईट काही नाही. गाडीचे तेल बदलावे, हवेची जाळी झटकावी, दिव्याचा बल्ब बसवावा; हात काळे होतात, पण चार पैसे वाचतात आणि आपल्याच गाडीची आपल्याला ओळख होते. परंतु गाडीच्या अंगात एक चीज अशी आहे, की तिच्याशी नुसत्या हौसेवर निभत नाही. ती म्हणजे चाकावरची स्प्रिंग. पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी ती मोडते किंवा बसते, आणि दिवाळीच्या सुटीत ‘आपणच बदलू’ असा बेत शिजतो. असा बेत ज्यांच्या डोक्यात असेल, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

जुन्या अँबॅसडरला पुढे पीळ खाणारी दांडी असे आणि मागे पोलादी पाटे. १९८३ साली मारुती ८०० रस्त्यावर आली, ती पुढच्या चाकांना स्ट्रट घेऊन. स्ट्रट म्हणजे मध्ये शॉकअब्सॉर्बर आणि त्याच्याभोवती वेटोळे घातलेली स्प्रिंग, असा एकच खांब. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही युक्ती. आज बहुतेक लहान गाड्यांची पुढची चाके अशाच खांबावर उभी असतात.

खरी गोम या खांबातच आहे. गाडी जॅकवर उचलली, चाक काढले, म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली असे पाहणाऱ्याला वाटते. ती मोकळी नसते. वरच्या आणि खालच्या वाटीत ती दाबूनच बसवलेली असते, आणि तिला धरून ठेवणारा असतो तो खांबाच्या माथ्यावर मधोमध असलेला एकच नट. बॉनेट उघडले की तो नट कित्येक गाड्यांत अगदी समोर दिसतो. त्याच्या भोवतीचे दोन-तीन नट खांबाला गाडीच्या अंगाशी जखडतात. खांब उतरवायचा तर हे भोवतीचे नट सोडायचे. मधल्याला हात लावायचा नाही. स्प्रिंग न आवळता तो मधला नट जो सोडील, त्याच्या तोंडावर वाटी, नट आणि स्प्रिंग ही तिन्ही मंडळी एकदमच येतील.

त्यांच्या येण्यात जोर किती असतो? इंग्लंडातल्या रॉबर्ट हूकने १६७८ साली स्प्रिंगचा नियम मांडला : जितके दाबाल तितक्याच प्रमाणात ती उलट रेटते. समजा, एक सेंटिमीटर दाबायला २५ किलोंचा भार लागणारी स्प्रिंग आहे. ती १५ सेंटिमीटर दाबली, तर ३७५ किलोंच्या रेट्याने ती सुटायला बघते. तिच्यात साठलेली शक्ती ५० किलोंची सिमेंटची गोणी ५६ सेंटिमीटरवरून पडावी इतकी होते. गोणी पडताना निदान दिसते तरी. स्प्रिंग डोळ्याचे पाते लवण्याच्या आत सुटते. शिवाय दुप्पट दाबली तर साठलेली शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. फटाक्याला वात असते आणि ती जळेपर्यंत पळायला वेळ मिळतो. दाबलेल्या स्प्रिंगला वात नसते.

तिला आवळण्याच्या हत्याराला स्प्रिंग कंप्रेसर म्हणतात. चाकात हवा भरायचा कंप्रेसर तो हा नव्हे. घरगुती प्रकारात दोन लांब बोल्ट असतात, आणि प्रत्येकाला वर-खाली वेढ्यात अडकणारे आकडे. वापरण्यापूर्वी आटे झिजलेले नाहीत ना, दांडा वाकलेला नाही ना, आकड्याला चीर नाही ना, हे उजेडात पाहावे. आट्यांना ग्रीस लावावे. दोन्ही दांडे स्प्रिंगच्या अगदी समोरासमोर बसवावेत. एकाच बाजूला सरकले तर स्प्रिंग धनुष्यासारखी वाकते आणि आकड्यातून निसटते. आकड्यांत जमतील तितके जास्त वेढे धरावेत, आणि आकड्यांना खिटी असेल तर ती लावल्यावाचून पुढे जाऊ नये.

मग आवळायचे ते हाताच्या पान्याने, आणि आळीपाळीने : दोन फेरे इकडे, दोन फेरे तिकडे. विजेच्या किंवा हवेच्या धडधडणाऱ्या गनने हे काम करू नये. आटे तापून खरवडले जातात आणि दोन्ही बाजूंचा मेळ सुटतो. स्प्रिंग वाटीत हाताने फिरू लागली, की पुरे. वेढ्याला वेढा टेकेपर्यंत आवळण्याची हौस नको. आता कुठे मधल्या नटाची पाळी. खांबाचे कोणतेही टोक आपल्याकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे रोखलेले नसावे. डोळ्यांवर चष्मा असावा, आणि ‘काका काय करताहेत’ म्हणून जमलेली पोरे आधी घरात पिटाळावीत. आवळलेली स्प्रिंग तशीच टाकून चहाला जाऊ नये. सोडतानाही तसेच आळीपाळीने सोडावे. नवी बसवताना तोच विधी पुन्हा, आणि तिचे टोक वाटीतल्या खाचेत नीट बसले की नाही ते पाहूनच ढिली करायची.

गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवून हे करू नये, खाली लोखंडी स्टँड हवेत. स्प्रिंग तारेने किंवा दोरीने बांधून काम भागवणारे बहाद्दरही आढळतात. त्यांना उपदेश करण्यापेक्षा त्यांच्यापासून लांब उभे राहावे. मोडलेली, फार गंजलेली किंवा मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती स्प्रिंग असेल, तर घरगुती आकडे तिच्यावर धड बसत नाहीत. तिथे हात आवरावा.

आणि हात आवरणे म्हणजे हरणे नव्हे. पुष्कळांना माहीत नसलेला एक मधला मार्ग आहे. खांब उतरवणे आणि परत चढवणे घरी करावे. मधला नट न छेडता अख्खा खांब ज्या गॅरेजात स्प्रिंग दाबायचे पक्के, जमिनीवर किंवा भिंतीला ठोकलेले यंत्र आहे, तिथे न्यावा. पाऊण काम आपले होते, उरलेल्या पाव कामाची मजुरी द्यावी लागते. ही मजुरी मिस्त्रीच्या वेळेपेक्षा त्या यंत्राची आहे. म्हणूनच ज्या गॅरेजात मालक खुर्चीवर आणि कोवळा पोरगा दोन आकड्यांशी झटतो आहे, तिथे दर कमी असला तरी खांब देऊ नये. आपली बोटे वाचवण्यासाठी त्याची बोटे पणाला लावणे, याला काही काटकसर म्हणत नाहीत.

स्प्रिंगा नेहमी जोडीने बदलाव्यात, मधला नट शक्यतो नवा घालावा, आणि काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. एवढे केले, की भाऊबिजेला बहिणीकडे जाताना खड्डा आला तरी गाडी कुरकुरणार नाही, आणि ओवाळणी घालायला दहाही बोटे शाबूत असतील.