निरोगी, पण निर्धास्त नव्हे

आरोग्याच्या दप्तरात माणसांचे दोनच वर्ग मानण्याची आपली जुनी रीत आहे: एक रोगी, दुसरा निरोगी. वैद्यकशास्त्राने आता या दोहोंच्या मध्ये तिसरा वर्ग उभा केला आहे. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकातील घातक दोष जिच्या वाट्यास आला, ती स्त्री आज धडधाकट असते. परंतु अशा १०० स्त्रियांपैकी ६० हून अधिक जणींना पुढेमागे स्तनाचा कर्करोग गाठतो. हा वारसा आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो, आणि प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

अशा स्त्रीच्या रक्षणाचे मार्ग वैद्यकास ठाऊक आहेत: पंचविशीपासून दरसाल स्तनांची एमआरआय तपासणी, आणि तिची इच्छा असल्यास प्रतिबंधक शस्त्रक्रिया. अडते ते कागदावर. देयकावर ‘कर्करोग’ लिहावे तर ते असत्य; ‘केवळ तपासणी’ लिहावे तर खर्च नामंजूर होण्याचे भय. अमेरिकेतील रोगवर्गीकरणाने ही कोंडी ओळखली. तेथे स्तनकर्करोगाच्या आनुवंशिक जोखमीस झेड १५.०१ हा स्वतंत्र संकेतांक आहे. प्रतिबंधक स्तनशस्त्रक्रियेची नोंद प्रथम झेड ४०.०१ ने करतात आणि तिचे कारण म्हणून हा संकेतांक मागे जोडतात. व्यवहार कारकुनी खरा. पण रोग नसतानाही उपचारांची गरज असू शकते, हे सत्य त्याने दप्तरी दाखल केले.

आपल्याकडे विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आनुवंशिक विकार आरोग्यविम्यातून वगळण्यास मनाई केली, हे स्तुत्यच होय. परंतु केवळ तपासणीसाठी रुग्णालयात दाखल झाल्यास तो खर्च वगळणारे प्रमाणित कलमही त्याच नियमावलीत होते. विकार जडल्यावर पैसे मिळावेत आणि तो टाळू पाहणारीने मात्र पदरची पुंजी मोडावी, हा न्याय उफराटा आहे.

अर्थात नोंद हे दुधारी शस्त्र आहे. अमेरिकेने २००८ च्या कायद्याने आरोग्यविमा कंपन्यांना व मालकांना जनुकीय माहितीच्या आधारे भेदभाव करण्यास बंदी केली. आयुर्विमा मात्र त्या कायद्याबाहेर राहिला. आपल्या समाजात तर विमा कंपनीपेक्षा सोयरिकीची धास्ती मोठी. घरात लग्नाची मुलगी आहे म्हणून मावशीचे दुखणे झाकले जाते, आणि डॉक्टरांनी कुटुंबाचा इतिहास विचारला की ‘तसे काही नाही’ हे ठरलेले उत्तर मिळते. या मौनाची किंमत पुष्कळदा त्याच मुलीस मोजावी लागते.

म्हणून तीन गोष्टी एकत्रच व्हावयास हव्यात. जोखमीची नोंद जोखीम म्हणूनच व्हावी. त्या नोंदीवर तपासणी व प्रतिबंधक उपचार यांचा खर्च मिळावा. आणि ती नोंद त्या स्त्रीविरुद्ध वा तिच्या लेकीविरुद्ध वापरण्यास कायद्याने मज्जाव असावा. पहिल्या दोन गोष्टी नियामकांनी व रुग्णालयांनी करावयाच्या, तिसरी संसदेने. सुशिक्षित घरांनी करावयाची गोष्ट त्याहून सोपी आहे: डॉक्टरांपुढे खरे बोलणे. आजाराचा वारसा कोणी मागून घेत नाही. मग त्याची लाज कसली?