उपाशीपोटीची शिल्लक

वर्षअखेरचा ताळेबंद कितीही नेटका असला, तरी कर्ज मंजूर करणारा अधिकारी तेवढ्यावर थांबत नाही. तो खात्याचा बारा महिन्यांचा उतारा मागवतो. ३१ मार्चच्या सायंकाळी दिसणारी शिल्लक आणि वर्षभरात त्या खात्याने सोसलेली ओढाताण यांत पुष्कळ अंतर असू शकते. रक्तातील मेदाच्या तपासणीची गोष्ट काहीशी अशीच आहे. रात्रभर उपाशी राहून सकाळी सात वाजता दिलेले रक्त मेदाच्या दृष्टीने दिवसातील सर्वांत स्वच्छ असते. पेढी उघडल्यापासून ती बंद होईपर्यंत, आणि नंतरही काही तास, धमन्यांतून वाहणारे रक्त मात्र निराळे असते.

तूप, तेल, शेंगदाणे, खोबरे, साय यांतील मेद पचल्यावर आतड्याच्या पेशी त्याचे सूक्ष्म गोळे बांधतात. त्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. त्यांत मुख्यतः ट्रायग्लिसराइड हा मेद आणि थोडे कोलेस्टेरॉल असते. साखर आतड्यातून थेट यकृताकडे जाते; हे गोळे मात्र लसिकावाहिन्यांच्या आडवाटेने वर चढून मानेच्या पायथ्याशी रक्तात मिसळतात. भरपूर मेदयुक्त जेवणानंतर काढलेल्या रक्तातील द्रव दुधाळ दिसतो, तो यांच्यामुळेच. स्नायू आणि मेदपेशींजवळच्या केशवाहिन्यांत लायपोप्रोटीन लायपेज नावाचे विकर असते. ते या गोळ्यांतून ट्रायग्लिसराइड उतरवून घेते. माल उतरल्यावर उरतो तो लहान आणि कोलेस्टेरॉलने तुलनेने समृद्ध असा अवशेष. यकृताने तो वेळेवर उचलला तर चिंता नाही. उचल मंदावली तर तो रक्तात फिरत राहतो. मोठा गोळा धमनीच्या भिंतीत शिरू शकत नाही, हा अवशेष मात्र शिरू शकतो.

धमन्या कठीण होण्याची क्रिया जेवणानंतरच्या तासांत घडते, असा विचार अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डोनाल्ड झिल्व्हरस्मिट यांनी १९७९ मध्ये मांडला. त्याला मोठ्या पाहणीचा आधार मिळण्यास बराच काळ गेला. कोपनहेगन शहरातील सुमारे १४,००० स्त्री-पुरुषांचे रक्त १९७६ ते १९७८ या काळात, उपाशी न ठेवता, तपासले गेले होते. २००४ पर्यंत त्यांचा पाठपुरावा झाला. ज्यांचे असे ट्रायग्लिसराइड जास्त होते, त्यांच्यात हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू अधिक आढळले. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील २६,००० हून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात दिसले की, जेवणानंतर दोन ते चार तासांनी घेतलेल्या रक्ताचा आकडा पुढील धोक्याशी सर्वाधिक जुळतो. उपाशीपोटीच्या आकड्याचा संबंध त्यामानाने क्षीण होता.

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. त्यासाठी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील आमिश समाजाचा अभ्यास पाहण्यासारखा आहे. हा शेतीप्रधान, श्रद्धाळू, आपापसांतच विवाह करणारा समाज, वंशावळी जपणारा. लँकेस्टर परगण्यातील आमिश मंडळींना संशोधकांनी मलईयुक्त मिल्कशेक प्यायला दिला आणि पुढील काही तास त्यांचे रक्त तपासले. सुमारे ५ टक्के लोकांमध्ये एका जनुकात असा जन्मजात बदल आढळला की, त्यांच्या रक्तातील मेद उपाशीपोटीही कमी आणि मिल्कशेकनंतरही कमीच. त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत चुनाही कमी साचलेला होता. २००८ मधील या निष्कर्षाला २०१४ मध्ये इतर लोकसमूहांतील मोठ्या अभ्यासांनी दुजोरा दिला: या जनुकात असे बदल असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होता.

मग ट्रायग्लिसराइड कमी करणारी गोळी घेतली की काम झाले? तसे नाही. मधुमेह असलेल्या १०,००० हून अधिक रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत औषधाने ट्रायग्लिसराइड २६ टक्क्यांनी उतरले, परंतु झटके कमी झाले नाहीत; हा निकाल २०२२ चा. ट्रायग्लिसराइड हा वाहतुकीचा माल आहे. भिंतीत रुतते ते अवशेषांतील कोलेस्टेरॉल. माल कमी दिसला, पण अवशेषांची संख्या घटली नाही, तर धमनीला त्याचे काय?

म्हणून अहवालातील एक वजाबाकी घरच्या घरी करावी. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की उरते ते नॉन-एचडीएल. त्यात एलडीएल आणि हे अवशेष दोन्ही मोजले जातात. समजा एकूण १८६, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड १४५. एलडीएल पुष्कळदा प्रत्यक्ष मोजलेलेच नसते. एकूण आकड्यातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून ते काढतात. येथे ते १२१ येते. एकूण २०० च्या आत, ट्रायग्लिसराइड १५० च्या आत, एलडीएल १३० च्या आत. एचडीएल सोडले तर कोठे तांबडी खूण नाही, आणि घरात पेढे वाटले जातात. नॉन-एचडीएल मात्र १५० आहे. निरोगी माणसासाठीही ते १३० च्या खाली असावे. मधुमेही किंवा हृदयरोग्यासाठी मर्यादा त्याहून बरीच कडक. दक्षिण आशियाई शरीरात ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी आणि मेद पोटावर, ही जोडी वारंवार आढळते. गादीवर दहा-दहा तास बसणाऱ्याला हे अधिकच लागू.

जेवणानंतर ट्रायग्लिसराइड तीन-चार तासांनी शिखरावर पोहोचते आणि पूर्ववत होण्यास सहा ते आठ तास किंवा अधिक लागतात. नऊला नाश्ता, दोनला जेवण, साडेपाचला फरसाण, रात्री नऊला पुन्हा ताट. अशा दिवसात रक्त मोकळे होते ते पहाटेच. शिवाय दुपारच्या मेदाचा काही भाग आतड्याच्या पेशींत थांबून राहतो आणि पुढच्या जेवणाबरोबर रक्तात उतरतो. मागील येणे पुढील पानावर ओढले जाते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांत रात्रीचा हा मोकळा काळ साहजिकच लांबतो. व्रत त्यासाठी घेतलेले नसते, हे खरे. पण साडेसहाच्या ताटात दिवसभराचे तळण कोंबून लाभ घालवण्याचे कारणही नाही. एका जेवणात १५ ग्रॅमपर्यंत मेद असेल तर रक्तात फारसा फरक पडत नाही. ३० ते ५० ग्रॅमला चढ स्पष्ट दिसतो. १०० ग्रॅम तळलेल्या शेवेतच ३५ ग्रॅमच्या आसपास तेल असते. वर गोड पदार्थ आले की साखर यकृताला स्वतःचे ट्रायग्लिसराइड बनवायला लावते.

यावर सर्वांत स्वस्त उपाय पायांत आहे. स्नायू कामाला लागले की तेथील विकर वाढते, आणि आदल्या सायंकाळच्या भरभर चालण्याने दुसऱ्या दिवशीच्या जेवणानंतरचा चढ कमी होतो. हा परिणाम दोन-तीन दिवसांत ओसरतो. रविवारी एकदम आठवड्याचे चालणे भरून काढता येत नाही.

राहिला प्रश्न उपाशी राहण्याचा. नेहमीच्या जेवणाने ट्रायग्लिसराइड सरासरी २६ मिलीग्रॅमच वाढते, हे लक्षात घेऊन युरोपातील तज्ज्ञसंस्थांनी २०१६ मध्ये संयुक्तपणे सांगितले की, नेहमीच्या तपासणीसाठी उपवासाची गरज नाही. न उपाशी रक्तात ट्रायग्लिसराइडची मर्यादा १७५ धरावी. आकडा ४०० च्या वर गेला तर उपाशीपोटी पुन्हा तपासावे, कारण तेथे एलडीएलचे गणित फसते; आणखी वर, ५०० पासून पुढे, स्वादुपिंडाच्या दाहाची भीती सुरू होते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांना सकाळी दहापर्यंत उपाशी ताटकळत ठेवणे धोक्याचे आहे. साखर एकदम उतरते आणि प्रयोगशाळेच्या बाकावरच चक्कर येते. अशांनी डॉक्टरांना आधी विचारावे की, ही तपासणी जेवून चालेल का. चालत असेल तर रक्त देताना शेवटचे जेवण किती वाजता झाले, त्यात काय होते, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. पारण्याच्या किंवा लग्नाच्या पंगतीच्या दुसऱ्या दिवशी मात्र जाऊ नये.