फोडणी बंद करून काय साधणार?

रक्तदाब वाढला, साखर वाढली, गुडघे दुखू लागले, की पांढुर्णा-सौंसरकडच्या घरांत पहिला हुकूम सुटतो तो तेल बंद करण्याचा. मग तूप जातं, शेंगदाणे जातात, जवसाची चटणीही ताटातून उठते. चहासोबतची गोड बिस्किटं मात्र राहतात, कारण ती तेलकट दिसत नाहीत. या हुकमाला माझा विरोध आहे.

पूर्वपक्षाचं म्हणणं आधी नीट ऐकू. एक ग्रॅम चरबीतून 9 कॅलरी मिळतात, पिठा-साखरेतून किंवा प्रथिनांतून 4. तुपासारख्या संपृक्त चरबीने रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. आपला देशही तेल जास्त खाऊ लागला आहे. 2022-23 मध्ये माणशी वर्षाला सुमारे 19.7 किलो. हे सगळं खरं आहे, पण यातून तेल हाच शत्रू असं सिद्ध होत नाही. अमेरिकेत 48,835 स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. एका गटाने सरासरी आठ वर्षं चरबी कमी केली, तरी हृदयविकाराचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही. उलट स्पेनमधल्या चाचणीत, हृदयविकाराचा धोका असलेल्यांना ऑलिव्ह तेल किंवा अक्रोड-बदाम भरपूर खायला दिले, तेव्हा झटके आणि पक्षाघात मिळून कमी झाले. म्हणजे चरबी कोणती आणि तिच्या जागी आपण काय खातो, हा खरा प्रश्न आहे. शेंगदाण्याच्या जागी बिस्किट आलं, तर साखर आणि मैदाच वाढला.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलात निम्म्याच्या आसपास एकअसंपृक्त चरबी असते. जवसाच्या दाण्यात सुमारे 40 टक्के तेल, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-3चा. मासे क्वचितच खाणाऱ्या या पट्ट्यात त्याचं मोल मोठं आहे. हे तेल उष्णतेने लवकर बिघडतं, म्हणून ते तळणीला वापरू नये. दाणे हलके भाजून, थोडी थोडी चटणी कुटून भाकरीसोबत खाण्याची आपल्या आयांची रीत शास्त्राला धरूनच आहे. चिवळ, अंबाडी, चवळीच्या पानांतलं कॅरोटीन शरीरात शिरायला थोडी चरबी लागतेच. पाण्यात शिजवलेली, बिनफोडणीची पालेभाजी रोग्याला वाढणं म्हणजे त्या भाजीचा अर्धा गुण वाया घालवणं.

सगळ्यांत मोठा अन्याय मात्र लहान मुलांवर होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आपल्या मध्य प्रदेशातली पाच वर्षांखालची 33 टक्के मुलं कमी वजनाची आढळली. दोन वर्षांच्या पोराचं पोट ते केवढं! ज्वारीची पेज किंवा वरण-भात त्यात मावतो, पण त्यातून पुरेशी ऊर्जा मिळत नाही. त्याच वाटीत एक चमचा तेल घातलं, की वाटी न वाढवता सुमारे 45 कॅलरी वाढतात. हे औषध कुठल्याही घरात आहे. तरीही बाजारपेठेतल्या मधुमेही व्यापाऱ्याला दिलेला सल्ला कापूस वेचणाऱ्या मजुरणीच्या घरी पोचतो आणि तिच्या लेकराच्या वाटीतलं तेल कमी होतं. दोघांचं शरीर वेगळं, श्रम वेगळे, भूक वेगळी. दोघांना एकच पथ्य कसं चालेल?

दुसऱ्या बाजूचा अतिरेकही मला मान्य नाही. "आजा तूप प्यायचा आणि नव्वद वर्षं जगला," हे ऐकायला बरं वाटतं. पण आजा उन्हात नांगर धरायचा, आणि बहुतेक घरांत तुपाची धार सणालाच, पोळ्याच्या पुरणपोळीवर पडायची. "रिफाइंड म्हणजे विष" हेही तसंच. या कापसाच्या मुलखात सरकीचं तेल शुद्ध न करता खाता येत नाही, कारण कच्च्या सरकीतेलात गॉसिपॉल हे अपायकारक द्रव्य असतं. घाण्याचं तेल चवीला उत्तम, ते जरूर घ्या. पण कॅलरी त्यातही तेवढ्याच.

मग किती खावं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2,000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात 27 ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. आपल्याकडे 15 किलोचा डबा आणतात, तर हिशेब त्यावरच करू. पाच मोठ्या माणसांच्या घरात तो साधारण साडेतीन महिने पुरायला हवा. दोनच महिन्यांत तळ दिसला, तर हात आखडावा, आणि तो रोजच्या फोडणीआधी भज्यांवर, आलूबोंड्यांवर, तर्रीच्या जाड थरावर आखडावा.

बाहेरच्या कढईचा हिशेब तर या डब्यात धरलेलाच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीकाठी गोटमारीच्या जत्रेला गर्दी लोटते. अशा गर्दीत एकाच तेलात सकाळपासून रात्रीपर्यंत तळण चालतं आणि उरलेल्यात दुसऱ्या दिवशी नवं तेल ओततात. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांवर गेली की ते वापरू नये, असा भारतात 2018 पासून नियम आहे. पांढुर्णा या नव्या जिल्ह्याच्या प्रशासनाने जत्रेत आणि बसस्टँडवर कढयांतलं तेल तपासावं. जवसाची चटणी बंद करायला सांगणाऱ्या डॉक्टरांनीही आपल्या रोग्याला आधी विचारावं, की तो बाहेरचं तळण आठवड्यातून किती वेळा खातो.