पन्नास डॉलरचा खेळ

अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १९५० ते १९६७ अशी सतरा वर्षं रविवारी रात्री ‘व्हॉट्स माय लाइन?’ नावाचा अर्ध्या तासाचा खेळ चालायचा. त्याचे शेकडो कृष्णधवल भाग आज यूट्यूबवर आहेत आणि कार्यक्रम बंद पडल्यानंतर जन्मलेली माणसंही ते आवडीनं बघतात. या आवडीबरोबर एक ठरलेला उसासा येतो: तेव्हाचे नामवंत किती सभ्य, किती हजरजबाबी, किती साधे, आणि आताचे बघा! आपल्याकडे दूरदर्शनच्या जुन्या दिवसांचा विषय निघाला की हाच सूर लागतो. हा उसासा निम्माच खरा आहे. त्या कार्यक्रमांत होतं आणि आता नाही, असं काहीतरी नक्की दिसतं. पण त्याचं श्रेय त्या पिढीच्या चांगुलपणाला देणं ही भाबडी समजूत झाली. श्रेय खेळाच्या नियमांचं आहे. त्यातही ज्या नियमाकडे सहसा कोणी बघत नाही त्याचं, म्हणजे बक्षीस अगदी किरकोळ असण्याचं.

खेळ साधा होता. समोर चौघांचं पॅनेल: अभिनेत्री अर्लीन फ्रान्सिस, वृत्तपत्रातल्या स्तंभलेखिका डोरोथी किलगॅलन, रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेचे एक संस्थापक बेनेट सर्फ, आणि चौथ्या खुर्चीवर येणारा-जाणारा कोणीतरी. सूत्रधार जॉन चार्ल्स डेली मूळचे बातमीदार. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची बातमी सीबीएस रेडिओवरून देणारे ते हेच. पाहुणा यायचा, फळ्यावर खडूनं नाव लिहायचा आणि डेलींच्या शेजारी बसायचा. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारत पॅनेलनं त्याचा व्यवसाय ओळखायचा. प्रत्येक ‘नाही’ला पाहुण्याच्या खात्यात पाच डॉलर, डेली समोरचं एक कार्ड उलटणार, दहा वेळा ‘नाही’ आलं की पन्नास डॉलर आणि खेळ खलास. एका फेरीत मात्र सगळ्यांना ठाऊक असलेली व्यक्ती यायची. तेव्हा पॅनेलच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या असत आणि पाहुणा आवाज बदलून बोलायचा. एलिनॉर रूझवेल्ट आल्या, आल्फ्रेड हिचकॉक आले, वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट आले. १९५७ मध्ये साल्वादोर दाली आले आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत सुटले: तुम्ही लिहिता का, हो, खेळाडू आहात का, हो. पॅनेलची वाट चुकू नये म्हणून शेवटी डेलींना मध्ये पडावं लागलं. हा भाग आजही लोक एकमेकांना पाठवतात, आणि त्यातली गंमत दालींच्या विक्षिप्तपणाइतकीच डेलींच्या अडचणीतही आहे. सूत्रधाराला खेळाची चाड होती. पाहुणा कितीही मोठा असला तरी उत्तर खरं असलं पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. चेहरा आणि आवाज ही नामवंताची सगळी पुंजी. ती दारातच काढून घेतली की त्याला उरतो तो फक्त खेळ, आणि तोही ज्या खुर्चीवर मघाशी एखादा अनोळखी कारागीर बसून गेला त्याच खुर्चीवरून.

आता पैशाकडे येऊ. पन्नास डॉलर ही रक्कम तेव्हाही मोठी नव्हती. प्रसिद्ध पाहुण्यांना हजेरीचं मानधन वेगळं मिळायचं, पण जिंकले काय आणि हरले काय, ते तेवढंच. म्हणजे या खेळात कोणाचंही काही अडलेलं नव्हतं. त्याच सीबीएसवर जून १९५५ मध्ये ‘द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ सुरू झाला. बक्षिसाचा आकडाच कार्यक्रमाचं नाव. वर्षभरानं एनबीसीनं ‘ट्वेंटी-वन’ आणला. तो सुरुवातीला प्रामाणिकपणे खेळवला गेला होता, हे विसरू नये. स्पर्धकांची उत्तरं सारखी चुकली, भाग रटाळ झाला आणि प्रायोजक असलेली औषध कंपनी संतापली. त्यानंतर निर्माता डॅन एनराइट यांनी स्पर्धकांना उत्तरं आधी द्यायला, कोणी कधी हरायचं हे ठरवायला सुरुवात केली. हर्ब स्टेम्पेल या स्पर्धकाला ठाऊक असलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकवायला लावलं गेलं. १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर ‘मार्टी’ला मिळाला होता, त्यानं ‘ऑन द वॉटरफ्रंट’ म्हटलं. त्याला हरवणारे कोलंबिया विद्यापीठातले तरुण अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकले. पुढे २ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सगळं कबूल केलं. १९६० मध्ये अशा लबाडीविरुद्ध कायदा झाला. या सगळ्या वर्षांत पन्नास डॉलरचा खेळ आपल्या गतीनं चालूच होता. काळ तोच, शहर न्यूयॉर्क, प्रेक्षक तेच, प्रायोजकांचा दबावही तसाच. ‘तेव्हाची माणसं चांगली होती’ या म्हणण्याची वासलात लावायला एवढं पुरे. लाखमोलाच्या बक्षिसापुढे प्रेक्षकाचं लक्ष उत्तरावरून रकमेवर जातं, आणि एवढी रक्कम कोणाला मिळते हे मग नशिबावर सोडणं निर्मात्याला परवडत नाही. पन्नास डॉलरसाठी लबाडी करायला कोण बसलंय?

यावर सर्वांत वजनदार आक्षेप आपल्याकडूनच येईल. ‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० रोजी सुरू झाला, त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले, आणि पुढच्या काळात अमरावती जिल्ह्यात शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या एका बाईंनीही कोटीचा टप्पा गाठला. ज्याला गरज नाही त्यानं लहान बक्षिसाचं कौतुक करावं, असं कोणी म्हटलं तर ते मान्यच करायला हवं. सामान्य स्पर्धकाच्या घरात कोटभर रुपये जात असतील तर त्यावर नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाच नाही. माझा मुद्दा प्रसिद्ध पाहुण्यापुरता आहे. तो त्याच खुर्चीवर बसतो तेव्हा रक्कम समाजकार्याला जाणार असते. तो हरावा असं सूत्रधाराला, प्रेक्षकांना, कोणालाच वाटत नाही. मग सूचक हसू, लांबलेल्या गप्पा, नव्या चित्रपटाची आठवण. खेळ होतच नाही, सत्कार होतो. हे प्रत्येक वेळी वाईटच असतं असं नाही, डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे त्या मंचावर आले तेव्हा लोकांना त्यांचं काम ऐकायचं होतं, प्रश्न हे निमित्त होतं. पण ती मुलाखत झाली. बक्षीस वाढवलं की रंगत वाढते हा समज तर आपल्याकडेच पडताळून झाला आहे: ‘करोडपती’च्या पाठोपाठ झी टीव्हीनं दहापट रकमेचा ‘सवाल दस करोड का’ आणला, अनुपम खेर आणि मनीषा कोईराला सूत्रधार होते, आणि तरी तो फार टिकला नाही. याउलट झी मराठीवर २००४ पासून आदेश बांदेकरांचा ‘होम मिनिस्टर’ एका पैठणीवर वर्षानुवर्षं चालला. तिथे गंमत पैठणीच्या किमतीत नव्हती. नवऱ्यासमोर, सासूसमोर फुगे फोडताना उडणाऱ्या तारांबळीत होती. २०२२ मध्ये त्याच कार्यक्रमानं ‘महामिनिस्टर’ म्हणून अकरा लाखांची पैठणी पुढे केली, तेव्हा चर्चा खेळाऐवजी साडीचीच होणार हे उघड होतं.

जुन्या खेळांचं गुणगान करताना त्यांची झाकलेली बाजू उघडी ठेवायला हवी. ‘व्हॉट्स माय लाइन?’मध्ये बायका गाउनमध्ये, पुरुष बो टायमध्ये; बोलणं न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू दिवाणखान्यातलं. देखणी तरुणी फळ्यापाशी आली की प्रेक्षकांतून शिट्ट्या वाजायच्या आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. पाहुण्यांची जाहिरातही व्हायचीच. ओळख पटली की नवं नाटक, नवा चित्रपट यांचा उल्लेख होई, पण तो खेळ संपल्यावर आणि दोन-चार वाक्यांत. १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘हॉलिवूड स्क्वेअर्स’मध्ये तर नटनट्यांच्या तोंडचे विनोद आधी लिहून दिलेले असत. तेव्हा ‘जुनं ते सोनं’ हे इथे चालत नाही. जुन्यातही खोट होती. कोणत्या जुन्या खेळात पाहुण्याला खरंच खेळावं लागत होतं, एवढंच तपासायचं. त्या दृष्टीनं ‘पासवर्ड’ हा १९६१ चा खेळ मला सर्वांत हुशारीचा वाटतो. त्यात एक नामवंत आणि एक सामान्य माणूस अशी जोडी असे. एकानं एका शब्दाचं सूचन द्यायचं, दुसऱ्यानं मनातला शब्द ओळखायचा. बक्षीस माफक आणि ते सामान्य माणसाचं. म्हणजे नामवंतानं आळस केला तर नुकसान शेजारी बसलेल्याचं, आणि तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बेटी व्हाइट त्यात इतक्या मन लावून खेळायच्या की आजही त्यांचं नाव घेतलं की जाणकारांना आधी तो खेळ आठवतो. (सूत्रधार ॲलन लडन यांच्याशी त्यांनी १९६३ मध्ये लग्न केलं, ही वेगळी गोष्ट.)

आता हे शक्यच नाही, असंही म्हटलं जातं. इन्स्टाग्रामवर नटाचा नाश्ताही लोकांना माहीत असतो, मग लपवणार काय? पण डोळ्यांवरची पट्टी अनोळखी माणसासाठी नव्हती, अतिपरिचिताला लपवण्यासाठीच होती. जितका चेहरा ओळखीचा, तितकी लपण्यात मजा. दक्षिण कोरियात २०१५ मध्ये सुरू झालेला मुखवटे घालून गाणाऱ्या नामवंतांचा कार्यक्रम २०१९ मध्ये अमेरिकेत ‘द मास्क्ड सिंगर’ नावानं आला आणि चांगला चालला; भपका भरपूर, पण गाभा तोच, प्रसिद्ध माणसाकडून चेहरा काढून घेण्याचा. मराठी वाहिन्यांवर चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आठवड्यात सगळा चमू रांगेनं बसतो, टाळ्या घेतो आणि जातो. त्यातल्या एकाला डोळे बांधलेल्या चौघांसमोर बसवून, आवाज बदलून, ‘हो’ आणि ‘नाही’ एवढ्यावर दहा मिनिटं तग धरायला लावलं तर तो नट आपल्याला जास्त आवडेल, असा माझा अंदाज आहे. सेट लागणार नाही, नृत्य लागणार नाही, साडी पुरेल. अडचण एकच. बक्षिसाचा आकडा पडद्यावर झळकवता येणार नसेल तर पैसे गुंतवायला प्रायोजक तयार होतील का, हे विचारायला हवं. १९५० मध्ये ‘व्हॉट्स माय लाइन?’ला पहिला प्रायोजक मिळाला तो स्टॉपेट नावाचं घामाच्या वासावरचं औषध विकणारा होता, आणि त्याला पन्नास डॉलर पुरेसे वाटले होते.