लॅपटॉपवर चालते, सर्व्हरवर काहून नाही?

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला मामेभावाचा फोन आला. यवतमाळलाच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "ताई, माह्या लॅपटॉपवर चालते, सर्व्हरवर टाकलं का बंद पडते. काहून?"

प्रोजेक्ट मस्त होतं. कापूस वेचणीला मजूर हवे असलेले शेतकरी आणि काम हवं असलेले मजूर, दोघांचे नंबर एका अ‍ॅपमध्ये. आपल्या जिल्ह्यात याहून कामाचं अ‍ॅप कोणतं? गावातल्या साठेक लोकांची खरी नावं आणि नंबर त्यांनी भरलेही होते.

मी मास कॉमची, पण आमच्या विभागाचं न्यूज पोर्टल सांभाळताना हाच मार खाल्लाय. अ‍ॅपच्या बॅकएंडला डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, एसएमएस सेवेची की अशा गोष्टी लागतात. त्या कोडमध्ये लिहायच्या नसतात. प्रोग्रॅम सुरू होताना त्या त्याला बाहेरून द्यायच्या, यालाच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. पद्धत नवी नाही, १९७९ च्या युनिक्समध्येही ती होती. लॅपटॉपवर त्या 'डॉट ईएनव्ही' नावाच्या फाइलमध्ये असतात. ती फाइल गिटहबवर जाऊ नये म्हणून 'गिटइग्नोर'मध्ये तिचं नाव टाकतात. म्हणजे क्लाउडवरच्या मशीनला ती मिळतच नाही! होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन एकेक नाव आणि किंमत हातानं भरावी लागते, मग अ‍ॅप पुन्हा डिप्लॉय करायचं. भावानं ते केलंच नव्हतं. शिवाय डेटाबेसच्या पत्त्यात 'लोकलहोस्ट' तसंच ठेवलेलं. सर्व्हरवर लोकलहोस्ट म्हणजे तो सर्व्हर स्वतः, तुमचा लॅपटॉप नव्हे.

दहा मिनिटांचं काम. पण ते करताना दिसलं की आधी एका सीनियरनं सोपा उपाय सांगितला होता: पासवर्ड सरळ कोडमध्येच टाक. पोरांनी टाकला, रेपो पब्लिक ठेवला. वर डेटाबेसला 'कुठूनही प्रवेश' अशी परवानगी, कारण ट्युटोरियलमध्ये तसंच दाखवतात. साठ लोकांचे नंबर चौकात मांडून ठेवल्यासारखे.

माझं भांडण इथे आहे. प्रोजेक्ट तपासताना आउटपुट बघतात, रिपोर्टचं बाइंडिंग बघतात. पासवर्ड कुठे ठेवलाय हे कुणी विचारत नाही. 'कॉलेजचंच तर आहे' म्हणून सोडून देतात. प्रोजेक्ट कॉलेजचं असेल हो, नंबर तर खरे आहेत ना! फसवणुकीचा कॉल त्या मजूर बाईलाच येणार.

आणि ही सवय पुढे नोकरीत जाते. टोयोटाच्या एका सेवेचा काही सोर्स कोड सर्व्हरच्या कीसकट डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत गिटहबवर उघडा होता. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते धोक्यात आले. उबरचा रेपो तर खासगी होता. तरी २०१६ मध्ये हॅकर आत शिरले, कोडमधली की उचलली आणि ५.७ कोटी लोकांची माहिती नेली. तेव्हा 'आमचा रेपो प्रायव्हेट आहे' हे उत्तर मला पटत नाही.

चुकून की गेलीच, तर ती ओळ खोडून भागत नाही. गिटच्या जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. आधी पासवर्ड बदलायचा, जुनी की रद्द करायची, बाकीचं नंतर. आणखी एक, फ्रंटएंडच्या व्हेरिएबलमध्ये गुपित ठेवू नका. 'व्हीट'सारखी साधनं ते ब्राउझरला पाठवायच्या फाइलमध्येच छापून टाकतात.

भावानं त्याच रात्री पासवर्ड बदलला. अ‍ॅप चालू झालं, खूश झाला. मी विचारलं, "त्या साठ जणांना सांगितलं का, नंबर इतके दिवस उघडे होते म्हणून?"

जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "रविवारी गावी जातो, तवा सांगतो."