गळका नळ आणि गप्प बाप

गोरेगावात नळाला पाणी नाही म्हणून मृणाल गोरेंनी बायकांना रस्त्यावर आणलं आणि 'पाणीवाली बाई' हे नाव कमावलं. त्याच गोरेगावात आज एखाद्या काकांचं पाणी थांबत नसेल, तर घरातल्या घरातही कुणी तोंड उघडत नाही. मंडळी, विषय 'ईऽऽ' वाटला तरी पुढे वाचा. प्रोस्टेट तुमच्या बाबांनाही आहे.

वय वाढतं तशी ही ग्रंथी वाढते, मूत्रमार्ग दाबला जातो, रात्री चार-चारदा उठावं लागतं. औषधांनी भागलं नाही की ऑपरेशन. हल्ली ते बऱ्याच ठिकाणी होल्मियम लेझरने करतात, त्याला 'होलेप' म्हणतात. संत्र्याचा गर सालीपासून सोडवावा तसा वाढलेला भाग सोडवून काढायचा. उत्तम ऑपरेशन आहे, खूप मोठ्या प्रोस्टेटलाही चालतं. माझं भांडण लेझरशी नाहीच.

भांडण आहे ते "काही नाही हो, दोन दिवसांत घरी!" या वाक्याशी. घरी येतात, खरंय. पण नळी काढल्यावर शिंकताना, खोकताना, खुर्चीतून उठताना बऱ्याच जणांची लघवी गळते, आणि हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक असतं! मूत्राशयाच्या तोंडाची आतली झडप या ऑपरेशनात उघडीच राहते. सगळा भार खालच्या स्नायूवर येतो आणि त्याला सवय नसते. शिवाय वर्षानुवर्षं अडथळ्याशी झगडून मूत्राशय चिडचिडं झालेलं असतं. बहुतेकांचं गळणं ३ ते ६ महिन्यांत थांबतं. कायमचं राहतं ते साधारण शंभरात एक-दोघांचं.

आमच्या धंद्यात याला 'नोन इश्यू' म्हणतात आणि तो रिलीज नोट्समध्ये लिहावाच लागतो. इथे तो बऱ्याचदा संमतीपत्राच्या बारीक इंग्रजीत दडतो.

"सगळं सांगितलं तर पेशंट घाबरून ऑपरेशनच टाळेल", असं म्हणतात. टाळलं तर किडनीवर बेतू शकतं, हेही खरं. पण न सांगितलेला माणूस काय करतो? ऑपरेशन फसलं असं समजून गप्प बसतो. पाणी पिणं तोडतो, मग लघवी दाट होऊन मूत्राशय आणखी चिडतं. लोकलमध्ये शौचालय नाही, म्हणून चर्चगेट बंद. मग नाटक बंद, लग्नकार्यं बंद. आधी सांगितलं असतं तर त्याने ऑपरेशनपूर्वीच केगल व्यायाम सुरू केले असते. अर्नॉल्ड केगल यांनी ते १९४८ साली बायकांसाठी मांडले, पण ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पुरुषांनाही असतात की! आणि व्यायाम फुकट आहेत.

पॅड लावून बाहेर पडलाच, तर ते टाकायचं कुठे? पुरुषांच्या शौचालयात साधी कचरापेटी सापडेल तर शपथ. जपानमध्ये २०२२च्या सुमारास कित्येक शहरांनी अशा पेट्या बसवायला घेतल्या. आपल्या पालिकेला एक डबा ठेवायला काय धाड भरली आहे?

असो. बाबांचं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनना तीन प्रश्न विचारा. तुम्ही अशी किती केलीत? सहा महिन्यांनंतरही गळणारे त्यात किती? व्यायाम कोण शिकवणार? आणि वर्षानंतरही गळत असेल तर 'वयाचं आहे' हे उत्तर घेऊन परत येऊ नका. औषधं आहेत, स्लिंग आहे, कृत्रिम झडपसुद्धा आहे.

बाबा स्वतः विचारणार नाहीत. तुम्हीच विचारा.