पाचवा वाटा

मराठीच्या प्राध्यापकाने पैशाच्या व्यवहारावर लिहावे याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु यंदा हा विषय आमच्या मांजरीच्या मामांनीच मला दिला. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत गेले. पुढे मामांनी उसाचे रान विकले आणि पैशाच्या मागोमाग एक टायवाले गृहस्थ ओसरीवर आले. त्यांच्या 'हेज फंडा'त किमान एक कोटी घालायचे (सेबीच्या २०१२ च्या नियमांची अटच तशी!), वर्षाला दोन टक्के मेहनताना द्यायचा आणि नफ्यातला पाचवा वाटा त्यांचा.

"मास्तर, कागद वाच जरा," मामा म्हणाले. "नफ्यात पाचवा, हे कळलं. तोट्यात कितवा?"

मी कागद दोनदा चाळला. तोट्यात वाटाच नव्हता.

"मग आपला वाटेकरी बरा! पीक बुडालं तर त्याचा घामही बुडायचा."

मामांनी नेमक्या वर्मावर बोट ठेवले होते. असा पहिला फंड १९४९ साली अमेरिकेत आल्फ्रेड जोन्स यांनी काढला, तेव्हा एक लाख डॉलरांपैकी चाळीस हजार त्यांचे स्वतःचे होते. ज्याचे स्वतःचे काहीच नाही, तो तोट्यात आला की मोठा डाव खेळण्याचा मोह त्याला होतो. साधला तर वाटा, फसला तर पैसा दुसऱ्याचा. म्हणून पुष्कळ करारांत, मागला उच्चांक ओलांडल्याखेरीज वाटा नाही, असे कलम असते. पण खड्डा फार खोल गेला, तर दुकान बंद करून नवे थाटायला चालक मोकळाच! आणि स्वतःचे पैसे घातल्याने शहाणपण येतेच, असेही नाही. १९९८ साली अमेरिकेतला एक फंड अफाट कर्जापायी कोसळला, तेव्हा त्याच्या भागीदारांत दोन नोबेल-विजेते होते आणि त्यांचेही पैसे त्यात होते.

हे सारे ऐकून मामी आतून एवढेच म्हणाल्या, "नातीच्या शिक्षणाचे आहेत हो ते."

मामांनी पाहुण्यांना विचारले, "तुमचे किती?"

"नियमाने कंपनीचे पाच टक्के किंवा दहा कोटी, जे कमी ते."

"ते नियमाचे झाले, साहेब. तुमच्या खिशातले किती?"

गृहस्थांनी चहाचा कप उचलला. तो केव्हाच रिकामा झाला होता.